ही काय यष्टी आहे?

अडून बसलेल्या झाकणांशी आपली सगळ्यांचीच जुनी ओळख. लोणच्याची बरणी, मधाची बाटली. झाकण गरम पाण्यात धरा, ओल्या फडक्याने पिळा, चमच्याच्या दांड्याने कडेला जरासं उचका. हे उपाय प्रत्येकीला पाठ असतात, नसले तर शेजारीण सांगते. पण घाटमाथ्यावर, सकाळच्या साडेआठला, गाडीच्या चाकाचे नट अडून बसले तर काय करायचं, हे मला कुठल्याच शेजारणीने सांगितलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकून पुरा झाला होता. डावाही धूसरच. ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलायला लावली होती. एकदा गुडघा दुखतो म्हणून, एकदा पितृपक्ष आहे म्हणून. खरं कारण भीती. डोळ्याला सुई लावणार ह्या कल्पनेनेच त्या रात्रभर जागायच्या. शेवटी त्यांची धाकटी बहीण कऱ्हाडला असते, तिचं ऑपरेशन तिथे चांगलं झालं होतं, म्हणून तिथली तारीख घेतली. आमच्या ह्यांना नेमकी रजा मिळाली नाही. ते मुंबईला, शनिवारी रात्री येणार. म्हटलं, मी नेते. चिपळूण ते कऱ्हाड शंभरेक किलोमीटर, मध्ये कुंभार्ली घाट. मला गाडी येते, पण घाटात मी एकटीने कधी नेली नव्हती. सासूबाईंनी देवापुढे दोन वेळा हात जोडले. एकदा डोळ्यासाठी असणार, दुसऱ्यांदा माझ्या गाडीसाठी.

घाट छान चढलो. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटायलाही लागले होते. वर सपाटीला आलो, हेळवाक यायच्या जरा आधी, आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून बघते तर मागचं डावं चाक पार बसलेलं. रस्त्याच्या कडेला सपाट जागा होती आणि दोन हाकांवर चहाची टपरी, एवढं नशीब. मोबाइलला रेंज नव्हती.

“परत जाऊ या का ग?” सासूबाई आतूनच म्हणाल्या. आवाजात काळजी होती, पण त्या काळजीच्या आत थोडा आनंदही लपलेला मला स्पष्ट ऐकू आला. आज परत फिरलो तर ह्या बाई पुन्हा कधीच तयार होणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

“आई, परत जायला पण चाक लागतंच की!” मी म्हटलं.

चाक बदलायची रीत मला ठाऊक होती. माझे वडील, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. शिकवलं त्यांनी भावाला, पण पाने हातात द्यायला मी असायची, त्यामुळे अर्धं शिक्षण मला फुकटात मिळालं. हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढे-मागे दगड लावायचे. आणि मुख्य म्हणजे जॅक लावून चाक वर उचलायच्या आधीच, चाक जमिनीवर असतानाच, सगळे नट थोडे थोडे ढिले करून घ्यायचे. आधी उचललं तर नटाबरोबर चाकच गरगर फिरतं, आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरण्याची भीती वेगळीच.

पाना लावला, दाबला. नट ढिम्म. दोन्ही हातांनी दाबला. ढिम्म. मग दांड्यावर एक पाय ठेवून उभी राहिले, तेव्हा कुर्र असा आवाज होऊन नट जरासा फिरला. मला केवढा आनंद! पण पुढे हलेना. उलट आधीपेक्षा जास्तच घट्ट लागायला लागला. मी पुन्हा उभी राहिले, पाना सटकला आणि नडगीवर असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

सासूबाई दार उघडून, गाडीला धरत धरत मागे आल्या होत्या. माझा पाय नि पान्याची चाल त्यांना जेमतेम अंधुक दिसत होती.

“अगं, तू कुठल्या बाजूला फिरवते आहेस?”

मी सांगितलं.

“डब्याचं झाकण उघडताना तर आपण ह्या बाजूला फिरवतो,” त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. “तू तर लावते आहेस.”

मी त्यांना जरा शहाणपणानेच समजावायला गेले. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, अण्णा सांगायचे. चाक पुढे फिरताना डावीकडचे नट आपोआप सैल होत जायची भीती असते, म्हणून त्या काळच्या पुष्कळ लॉऱ्या-बसगाड्यांना डावीकडे उलट्या आट्याचे नट असत. नवा पोरगा वर्कशॉपात आला की तो हमखास इथे फसायचा आणि सगळे त्याला हसायचे.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “असेल. पण ही काय यष्टी आहे?”

मी गप्प. आमच्यासारख्या छोट्या गाडीला चारी चाकांना सुलटेच आटे असतात, आणि मी दहा मिनिटं छप्पन्न किलो वजनानिशी तो नट आणखी आवळत बसले होते! (आता लक्षात राहावं म्हणून मी एक खूण ठरवली आहे, तुम्हीही ठेवा. चाकाकडे तोंड करून उभं राहायचं, पान्याचा दांडा आपल्या डाव्या हाताला आडवा येईल असा अडकवायचा आणि खाली दाबायचा. म्हणजे नट सुटतो. चाक कुठलंही असो.)

सुलट्या दिशेने दोन नट निघाले. अंगाचं पाणी झालं, पण निघाले. तेवढ्यात भाजीचा एक टेंपो थांबला. ड्रायव्हरदादाने तिसरा काढून दिला. चौथ्याने मात्र, म्हणजे मी आवळलेल्याने, त्याच्याही तोंडाला फेस आणला. “वहिनी, हा गॅरेजलाच लागेल. माझा माल खराब होतोय,” म्हणून बिचारा गेला. त्याचंही खरंच होतं.

सगळा दोष माझा एकटीचा नव्हता हेही सांगायला हवं. पावसाळ्याआधी गावातल्या एका टायरवाल्याकडे चाकं उलटसुलट करून घेतली होती. त्याने हवेची गन लावून टर्रर टर्रर करत मिनिटभरात सगळे नट बसवले. गन लावू नये असं नाही, पण ती किती आवळते आहे हे हाताला कळत नाही, म्हणून शेवटचा जोर हाताच्या पान्यानेच द्यावा. मी तिथे उभी होते, मला अण्णांची आठवणही झाली, पण दुकानातल्या चार पुरुषांपुढे बोलले नाही. त्यात आमच्या कोकणातला पाऊस. चार महिने पाणी आणि चिखल नटाच्या आट्यांत शिरतो, गंज धरतो, आणि गंजाला जागा जास्त लागते म्हणून नट नि स्टड एकमेकांत गच्च रुततात.

टपरीवरची बाई चहा घेऊन आली. मी तसाच फुटपाथ नसलेल्या त्या रस्त्यावर फतकल मारून चहा प्याले. शाळेत मी मराठी नि इतिहास शिकवते, तेही अर्धवेळ. पण मागच्या वर्षी विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या तेव्हा सहावीवर माझा तास लागला होता. धडा होता तरफेचा. बी. ए.ला मराठी घेतलेल्या बाईने फळ्यावर टेकू काढला, भार काढला, आणि दांडा जितका लांब तितकं बल कमी लागतं हे मुलांकडून तीनदा म्हणून घेतलं. मुलांनी म्हटलं, मी मात्र विसरले होते. अण्णांच्या पेटीशेजारी पाइपचा एक तुकडा कायम पडलेला असायचा, तो कशासाठी हे मला त्या चहाबरोबर आठवलं.

“ताई, एखादा लोखंडी पाइप आहे का हो?”

तिच्याकडे ताडपत्रीच्या मांडवाचा एक होता. पान्याच्या दांड्यावर चपखल बसला नाही, पण बसला. दांडा वीतभराचा होता, तो आता हातभराहून लांब झाला. घरी आल्यावर मी गाडीचं पुस्तक काढून पाहिलं. नट किती आवळायचे ते तिथे दिलेलं असतं, आमच्या गाडीला 85 न्यूटन-मीटर. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण साडेआठ किलोचं वजन टांगावं, एवढाच जोर. आमच्या 25 सेंटिमीटरच्या दांड्यावर तोच जोर चौतीस किलोंचा होतो. मी उभी राहिले तरी हलेना, म्हणजे तो किती आवळला गेला होता बघा. पाऊण मीटरचा दांडा झाल्यावर माझ्याच वजनाची ताकद तिप्पट झाली.

पण नवी अडचण आली. दांडा लांब झाल्यावर पाना नटावरून तिरका होऊन सटकायला लागला. दोनचारदा सटकला की नटाच्या कडा झिजतात आणि मग तो गॅरेजमध्येसुद्धा सहज निघत नाही. पान्याचं तोंड कुणीतरी नटावर सरळ दाबून धरायला हवं होतं. टपरीवाली दुधाकडे धावलेली. सासूबाई म्हणाल्या, “मी धरते.”

“आई, तुम्हाला दिसत नाही.”

“धरायला काय दिसायचंय?”

टपरीवरचं स्टूल आणलं. त्या चाकाच्या उजव्या अंगाला बसल्या, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी पान्याचं कोपर धरून ठेवलं. आधी मी नट उगाच केसभर आवळायच्या दिशेने दाबला. अण्णांची ही युक्ती. गंजाची पकड तुटायला कधी कधी तेवढंही पुरतं. मग सुलट्या बाजूने पाइपच्या टोकावर हळूहळू वजन टाकत गेले. उडी नाही, हिसका नाही. हिसक्याने पाना सटकतो, नाहीतर स्टडच तुटतो. काहीच होत नव्हतं. माझे दंड थरथरायला लागले.

“थांबू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “सुटतोय. माझ्या हाताला कळतंय.”

मला तर काहीच कळलं नव्हतं. आणि पुढच्या क्षणी कट्ट असा आवाज झाला, पाइप खाली गेला, मी जवळजवळ गुडघ्यावर आले. सासूबाई खदखदून हसत होत्या. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पुढचं पटकन सांगते. जॅक लावला, नट काढले, तर चाक हबला चिकटून बसलेलं! तेही गंजानेच. तिथे गाडी जॅकवर असताना लाथा मारायच्या नाहीत. चारी नट दोन-दोन आटे परत लावले, जॅक खाली घेतला, गाडीचं वजन चाकावर आल्याबरोबर ते आपणच सुटलं. मग पुन्हा उचलून स्टेपनी चढवली. तिच्यात हवा होती हे दैव, मी कधी तपासली नव्हती. (स्टेपनी हा शब्द आपलाच वाटतो ना? तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आहे. तिथल्या कारखान्यात 1904 पासून जादा चाक बनत असे.) नट समोरासमोरचे, एकाआड एक आवळले, आणि आवळताना पाइप लावला नाही.

टपरीवालीने चहाचे पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी पिशवीतले चार लाडू तिच्या मुलाच्या हातावर ठेवले, तेही बहिणीसाठी मोजून आणलेल्यांतले. अकराच्या ऐवजी बाराला कऱ्हाडात पोचलो. डॉक्टरांनी शेवटचा नंबर दिला. आत नेताना सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांच्या पंज्यांना अजून ग्रीसचा वास येत होता. नर्सने दोनदा साबण लावायला सांगितला.

शनिवारी हे आले. सगळं ऐकून म्हणाले, “अगं, रस्त्यावरच्या कुणालातरी थांबवायचं.” मी काही बोलले नाही, सासूबाईच म्हणाल्या, “थांबवला होता एक. त्याच्याने नाही झालं.”

सोमवारी मी त्याच टायरवाल्याकडे गेले. चारी चाकांचे नट सोडवून, आटे नि हब तारेच्या ब्रशने साफ करून घेतले, आणि नट परत बसवताना शेजारी उभी राहून म्हटलं, “गन नको, हाताने.” तो हसला. हसू दे. शंभरेक किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा एकदा तपासायचे असतात, तेही मी घरी, आमच्या अंगणात केलं.

अंगणात पाना जमिनीवर ठेवला होता. सासूबाई काळा चष्मा लावून पायरीवर बसल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाना उचलला, नव्या डोळ्यासमोर धरून उलटसुलट पाहिला.

“एवढासाच आहे होय?” त्या म्हणाल्या, आणि पदराने पुसून माझ्या हातात दिला.