दाखल-खारीज रजिस्टर आणि अडून बसलेले यंत्र

शाळेच्या इतिहासाची साधने पाहू गेल्यास करंडक आणि समूहछायाचित्रे आधी पुढे येतात. परंतु माजी विद्यार्थी ज्याच्यासाठी वीस-तीस वर्षांनीही शाळेची पायरी पुन्हा चढतात, ते दाखल-खारीज रजिस्टरच होय. नाव, वडिलांचे नाव, अंकी व अक्षरी जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात, शाळा सोडल्याचे कारण, असे त्याचे रकाने. यांपैकी धर्म आणि जात या दोन रकान्यांत आपल्या समाजाचा प्रवास शाईने उमटलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतलेल्या पिढीने मुलांच्या नावापुढे अभिमानाने ‘बौद्ध’ लिहविले. राज्याने राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला मात्र १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात कुठे ‘नवबौद्ध’, कुठे ‘बौद्ध, पूर्वीची जात महार’, कुठे नुसतेच ‘महार’. सख्ख्या भावंडांच्या नोंदीही कधी कधी एकमेकींशी जुळत नाहीत. पुढे जातपडताळणीचा कायदा आला. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे आणि आजोबा-वडिलांचे दाखले मागितले जाऊ लागले, आणि त्या एका रकान्यावर मुलामुलींचे प्रवेश अवलंबून राहू लागले.

ही रजिस्टरे वर्धेच्या पावसाळी ओलीला आणि वाळवीला किती काळ पुरणार, या चिंतेतून आम्ही कार्यालयातील मंडळींनी ती पाने स्कॅन करून घेतली होती. ती सारी एका हार्डडिस्कवर होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत त्या डिस्कमधून टक टक असा आवाज येऊ लागला. नेमक्या त्याच आठवड्यात आर्वी तालुक्यातून एक माजी विद्यार्थी आले. मुलीच्या जातवैधता प्रमाणपत्रासाठी त्यांना स्वतःच्या नोंदीचा उतारा हवा होता. रजिस्टर काढले, तर त्या पानाच्या उजव्या कडेसह जातीचा रकाना वाळवीने फस्त केलेला. पान स्कॅन झाले तेव्हा धड होते, एवढाच काय तो आधार. पण फायलींची नावे म्हणजे नुसते आकडे. हवे ते पान सापडण्यासाठी हजारो फायली उघडाव्या लागणार, आणि आजारी डिस्कवर तसा शोध घेणे म्हणजे तिचा शेवट ओढवून घेणे. एकदाच, सरळ, सगळे उतरवून घ्यायचे, एवढाच मार्ग होता. कार्यालयातील संगणकांत तेवढी जागा नव्हती.

सुदैवाने पुण्यात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एका कार्यालयातून निवृत्त झालेली स्टोरेज यंत्रणा शाळेला मिळवून दिली होती. दोन कंट्रोलर आणि डझनभर डिस्क असलेली ती जड पेटी काही महिने खोक्यातच पडून होती. वरच्या मजल्यावरील संगणक कक्षात ती बसवली, फुले वाहिली, बटण दाबले. पंखे घरघरले, हिरवा दिवा लागला. शेजारी नारिंगी दिवाही लागला आणि तो विझेना. नेहमीचे पान उघडेना. लॅपटॉप थेट वायरीने जोडल्यावर दुसरेच, दुरुस्तीचे पान उघडले: दोन्ही कंट्रोलर सर्व्हिस मोडमध्ये. म्हणजे यंत्र जागे आहे, बोलते आहे, पण कामाला उभे राहायला नकार देते आहे.

त्याच पानावर सर्व्हिस मोडमधून बाहेर काढण्याचे एक बटण असते. ते दाबून पाहा, पुन्हा दाबा, बंद करून चालू करा, असे सल्ले चोहोकडून आले. आमचे मत असे की, जे यंत्र कारण सांगून थांबते त्याचे कारण आधी वाचावे. खाली एक क्रमांक होता आणि त्याचा अर्थ अगदी साधा होता: बॅटरीत पुरेसा भार नाही.

विजेवर चालणाऱ्या पेटीला बॅटरीचे एवढे कौतुक का, हे समजून घ्यायला आम्हाला थोडा वेळ लागला. अशा यंत्रात आलेली माहिती आधी वेगवान स्मृतीत थांबते आणि मग सावकाश डिस्कवर उतरते. मधेच वीज गेली तर स्मृतीतले सारे पुसले जाईल. म्हणून वाटेत असलेली माहिती सुरक्षित ठेवण्यापुरते काही क्षण बॅटरी मिळवून देते. ती हमी देता येत नसेल तर कंट्रोलर माहिती हाती घेतच नाही. खोक्यातील महिन्यांनी बॅटऱ्या रित्या झाल्या होत्या. त्यात मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, आणि दिवसभर तापणाऱ्या स्लॅबखालची खोली. ठरावीक मर्यादेपलीकडे तापलेली बॅटरी भार घेत नाही. शिवाय वळवाच्या वादळाने तारा तुटल्या की वीज तासन्‌तास गायब. असे असता यंत्र कामाला लागते तरच नवल.

आम्ही ती पेटी खाली, ग्रंथालयामागच्या जाड भिंतींच्या उत्तरेकडील खोलीत हलवली, यूपीएस जोडला आणि रात्रभर तिला एकटे सोडले. सकाळी एक कंट्रोलर तयार होता.

दुसरा तसाच. त्याचा क्रमांक वेगळा होता: पेटी स्वतःची जी ओळख सांगते आणि या कंट्रोलरच्या स्मरणात जी ओळख आहे, त्या दोन्ही जुळत नाहीत. पुण्याला दूरध्वनी केल्यावर उलगडा झाला. जुना भाग बिघडल्याने तो कंट्रोलर कधीकाळी दुसऱ्या पेटीतून आणून बसवलेला होता आणि अजूनही स्वतःला तिकडचाच समजत होता. दोघांतील खरे कोण, हे यंत्र आपल्या मनाने ठरवत नाही. ते माणसाने सांगायचे असते. जुनी ओळख पुसण्याची आज्ञा एका ओळीची, पण डिस्कवर कोणाची माहिती शिल्लक असेल तर तीही त्यासोबत गमावण्याचा धोका. डिस्क कोऱ्या आहेत असे दात्यांकडून लेखी येईपर्यंत आम्ही थांबलो. ते आर्वीचे गृहस्थ रोज सायंकाळी दूरध्वनी करीत होते, तरीही थांबलो.

याच दिवसांत आमच्यातील पाली शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या संगीतीची आठवण काढली. पंचवीस वर्षे तथागतांचा परिचारक राहिलेल्या आनंदाच्या स्मरणात अवघा धम्म होता. तरी अर्हत्पद प्राप्त झाले नाही तोवर राजगृहाच्या त्या सभेत त्याची जागा रिकामीच राहिली, आणि आदल्या रात्री ते साधल्यावरच तो आत आला. उपमा थोडी ओढूनताणून आहे, हे सरांनाही मान्य. पण त्यानंतर आलेला विषय आम्हाला अधिक लागू वाटला: शतकानुशतके मुखोद्गत राखलेले त्रिपिटक इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लिहून काढले गेले, ते दुष्काळ-युद्धात पाठ असणारे भिक्खूच उरणार नाहीत या भीतीने. मंडालेला तर एकोणिसाव्या शतकात ते ७२९ संगमरवरी शिळांवर कोरले. शिळांना बॅटरी लागत नाही, अशी पुस्ती आमच्या लिपिकांनी जोडली.

लेखी संमती आली. जुनी ओळख पुसली, दोन्ही कंट्रोलर तयार झाले, नारिंगी दिवा विझला. रात्रीच्या गारव्यात हार्डडिस्क जोडली आणि सारे उतरवायला सुरुवात केली. पहाटेपर्यंत आमच्यापैकी दोघे आळीपाळीने बसून होते. टक टक वाढे तसे बोलणे बंद होई. डिस्क पुरी पडली, मात्र काही फायली तिने दिल्या नाहीत.

आर्वीचे पान मिळाले. धर्माच्या रकान्यात निळ्या शाईने ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात, दुसऱ्या हाताने, काळ्या शाईत ‘महार’. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा उतारा घेऊन ते गृहस्थ दुपारच्या एस.टी.ने परतले.

एका पेटीत कितीही डिस्क असल्या तरी ती एकच प्रत, म्हणून आता दर शनिवारी दुसरी प्रत शाळेबाहेर जाते. ज्या फायली उघडल्या नाहीत त्यांपैकी काहींची मूळ पानेही वाळवीने खाल्ली आहेत. त्या वर्षांतील वर्गबंधूंकडे शाळा सोडल्याचे मूळ दाखले असतील, तर त्यांनी झेरॉक्स प्रत कार्यालयाकडे पाठवावी. कोणती वर्षे, याची यादी सूचनाफलकावर लावली आहे.