‘म्हणे’

गेल्या वर्षी व्याकरणाच्या तासाला एका विद्यार्थिनीने आम्हांस एक प्रश्न विचारिला. ती घरी कोरियन मालिका पाहते व त्या भाषेचा थोडाबहुत अभ्यासही करते. “सर, त्या भाषेत स्वतः पाहिलेलं सांगताना क्रियापदाला एक प्रत्यय लागतो, आणि ऐकलेलं सांगताना निराळाच. आपल्या मराठीत असं काही का नाही?”

घरी जाऊन आम्ही शोध केला, तो मुलीचे म्हणणे खरे निघाले. पाऊस येत होता व तो आपण पाहिला, असे सांगावयाचे असता कोरियन मनुष्य ‘ओदॉरा’ असे क्रियापद योजतो. पाऊस येत असल्याचे कोणाकडून ऐकले असेल, तर ‘ओन्दे’ म्हणतो. यांतील दुसरे रूप ‘असे म्हणतो’ या अर्थाचे शब्द आटून झालेले आहे. हे वाचताच आम्हांस आपले ‘म्हणे’ आठवले, आणि त्यासरशी आमची आजी आठवली.

आजी साताऱ्यास राहत असे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याची हकीकत ती आम्हां नातवंडांना पुष्कळदा सांगे. “फळीवरची भांडी खाली आली, तुमच्या आजोबांनी मला हाताला धरून अंगणात नेलं,” असे ती म्हणे. कोयनानगराची गोष्ट निघाली की मात्र, “तिथं घरंच्या घरं बसली म्हणे,” एवढे बोलून ती थांबे. आम्ही हट्टाने अधिक विचारीत असू. तेव्हा तिचे उत्तर ठरलेले असे : “मी काय तिथं होते?” लहानपणी आम्हांस या उत्तराचा राग येई.

आजीच्या या हकीकतीत ‘म्हणे’ दोन प्रकारे आले आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेल. ‘असे ती म्हणे’ येथे ते क्रियापद आहे. त्याचा काळ रीतिभूत, व अर्थ ‘म्हणत असे’. आजीच्या वाक्याच्या शेवटी आलेले ‘म्हणे’ मात्र कर्त्याचा हात सोडून स्वतंत्र झाले आहे. सांगणारा एक असो वा शंभर असोत, ते बदलत नाही. पाहिलेले व ऐकलेले यांच्यामध्ये ते एवढेसे कुंपण घालते. ते घालावे की गाळावे, हे सर्वस्वी बोलणाऱ्याच्या मनावर असते. आणि धोका आहे तो येथेच.

तो धोका आम्ही २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात अनुभविला. तेव्हा आम्ही सांगलीस राहत होतो. कोयना कराडास कृष्णेला मिळते, व तेच पाणी पुढे सांगलीस येते. म्हणून सातारा जिल्ह्यातील पावसाची व धरणाची वार्ता सांगलीकरांना घरच्या वार्तेसारखीच. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आमची गल्ली उंचावर असल्यामुळे कोरडी होती. अशा एका रात्री साताऱ्याहून एका आप्ताचा दूरध्वनी आला, “धरणाला तडा गेला म्हणे.” आम्ही धावत जिना उतरलो, खालच्या मजल्यावरील वृद्ध गृहस्थांचे दार ठोठावले आणि म्हणालो, “काका, धरणाला तडा गेला आहे. लवकर वर चला.” वाक्य तेच होते, दोन अक्षरे तेवढी वाटेत गळाली होती.

वीज गेलेली. काका घाईघाईने अंधारात जिना चढू लागले. त्यांचा पाय निसटला व मांडीचे हाड मोडले. रुग्णालयाची वाट पाण्याखाली असल्याने त्यांस नावेतून न्यावे लागले. धरणास काहीही झालेले नव्हते.

काका पुढे काठीच्या आधाराने चालू लागले. आम्ही त्यांच्यापाशी आपला अपराध कबूल केला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मास्तर, तुम्ही सांगितलंत, म्हणून मला ते खरंच वाटलं.” त्यांनी चार कठोर शब्द बोलून दाखविले असते, तर आम्हांस बरे वाटले असते.

नववी आज्ञा आम्ही कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतली आहे. खोटी साक्ष म्हणजे मुद्दाम रचलेले असत्य, अशीच आमची समजूत होती. ऐकलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगणे हीही खोटी साक्षच होय, हे त्या जिन्याने आम्हांस शिकविले. शुभवर्तमानकार लूक याचे उदाहरण पाहा. हा वृत्तान्त प्रत्यक्ष पाहणारांकडून आपल्यापर्यंत आला आहे व आपण त्याचा कसून शोध केला आहे, हे तो ग्रंथारंभीच मोकळेपणाने सांगतो. त्यामुळे त्याच्या शब्दाचे वजन उणे झालेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीस उत्तर दिले, व जिन्याची हकीकतही सर्व वर्गास सांगितली. तेव्हापासून आमच्या वर्गात एक रीत पडली आहे. कोणी “सर, अमक्याने वही चोरली!” असे ओरडत आला, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “चोरली, की चोरली म्हणे?” पुष्कळ तक्रारी तेथेच थांबतात, आणि हरवलेली वही बहुधा तक्रार करणाऱ्याच्याच दप्तरात सापडते. पालकांनीही घरी हा प्रश्न विचारून पाहावा, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे.