जर्मनीला लेकराकडे जाताना

आपल्या वस्तीतली मुलं-मुली शिकली, परदेशात नोकरीला लागली. आता त्यांचे आई-वडील दोन-तीन महिने तिकडे राहायला जाऊ लागले आहेत. आम्ही दोघं नवरा-बायको बर्लिनला लेकीकडे जाऊन आलो. शेजारच्या बाया अजून विचारतात, "तिकडे भीती नाही वाटली?" त्यासाठी हे चार शब्द.

जर्मनीच्या अशा व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. सोबत निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. लेकीने तिथल्या कचेरीत लिहून दिले होते की, आई-वडिलांचा सगळा खर्च, दवाखान्याचासुद्धा, माझ्याकडे. म्हणजे विमा अपुरा पडला तर बोजा लेकरावर. बऱ्याच विम्यांत जुने दुखणे धरत नाहीत. साखर, रक्तदाब असेल तर विमा घेतानाच खुलासा करून घ्यावा. गोळ्या सगळ्या मुक्कामाला पुरतील इतक्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. तूप, खवा, मटण नेऊ नये. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेण्यास बंदी आहे.

बर्लिनच्या स्टेशनात शिरताना तिकीट तपासायला कुणी उभे नसते. पण कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. साध्या कपड्यातले तपासनीस अचानक येतात आणि वैध तिकीट नसेल तर ६० युरो दंड करतात. रस्त्यालगत सायकलींची वेगळी वाट असते. सायकली वेगात येतात, त्या वाटेवर उभे राहू नये.

चोरीमारी तिथेही आहे. गर्दीत पाकीट मारतात. कुणी कागद पुढे करून सही मागू लागला, तर त्याचा साथीदार पिशवीत हात घालतो. पैसे आतल्या खिशात ठेवावेत. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवावी. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग बर्लिनचा भारतीय दूतावास.

रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. सामान शनिवारीच आणावे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. बाटलीचे पाणी घेतलेच तर रिकामी बाटली फेकू नये; दुकानातल्या यंत्रात टाकली की बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात.

सगळ्यात महत्त्वाचे आजारपणाचे. खाडा झाला की पगार कापला जायचा, म्हणून आपल्या माणसांना दुखणे अंगावर काढायची सवय. ह्यांना एका रविवारी सकाळपासून ताप होता. लेकीला कळला रात्री. का, तर "पोरीला खर्च नको." लेकीने ११६११७ हा नंबर लावला. दवाखाने बंद असताना डॉक्टर कुठे मिळेल ते तिथे सांगतात. बंद औषधदुकानाच्या दारावरही त्या रात्री कुठले दुकान उघडे आहे ते लिहिलेले असते. जिवावरचे असेल तर ११२, पोलिसांना ११०, दोन्ही फुकट.

हे तिन्ही नंबर आणि लेकराचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दोघांनी आपापल्या खिशात ठेवावा. आणि निघण्याआधी घरातच ठरवून टाकावे: अंगात काही कमी-जास्त वाटले, तर त्याच वेळी लेकराला सांगायचे.