कशानं गेलं?

संपादकांना लेख हवा होता तो ‘आपले पूर्वज कोण?’ या विषयावर. माझी तीस वर्षं जुन्या हाडांची मोजमापं घेण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. लिहिते म्हणाले खरी, पण लिहायला बसले की मनात दुसराच प्रश्न येऊन बसतो. तो गेल्या उन्हाळ्यात एका आजींनी विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

शेततळ्यासाठी जेसीबी लावला होता. जुन्या वस्तीच्या पांढरीच्या कडेला चारेक फुटांवर खापरं निघाली आणि खापरांत बारीक हाडं. गावातल्या शिक्षकांनी फोन केला म्हणून आम्ही पोचलो, पण तोवर उशीर झाला होता. सोनं असेल म्हणून कुणीतरी रांजण फोडून बघितला होता, हाडं बादलीत धुऊन उन्हात वाळत घातली होती. दरवेळी हेच होतं आणि दरवेळी जीव हळहळतो. हाडाभोवतीची माती ही आमची अर्धी नोंदवही असते. ती धुतली गेली की कोणतं हाड कुठं, कसं पडलं होतं, ते कायमचं गेलं. पुन्हा कुणाच्या शेतात असं काही निघालं, तर पाणी लावू नका. वर पोतं टाका आणि कळवा.

पंचनामा झाल्यावर आम्ही उरलेली माती चाळत बसलो. राखाडी, हातानं घडवलेले दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले होते. आजूबाजूला तांबड्या खापरांवर काळी नक्षी. म्हणजे जोर्वे संस्कृती, तीन हजार वर्षांपूर्वीची. घरच्या आजी बांधावर बसून बघत होत्या. मी सांगितलं की लहान मूल आहे, तीनेक वर्षांचं. त्यांनी पूर्वज विचारले नाहीत, जात विचारली नाही. म्हणाल्या, “लेकरू कशानं गेलं वो, बाई?”

हाडांवरून मरणाचं कारण कळतं अशी समजूत सिनेमांनी करून दिली आहे. हाड सावकाश चालणारं आहे. एखाद्या आजाराची खूण त्यावर उमटायला आठवडे, कधी महिने लागतात. जुलाब, ताप, न्यूमोनिया लहान मुलाला चार दिवसांत नेतात आणि हाड जसंच्या तसं राहतं. कुष्ठरोगासारखा वर्षानुवर्षं चालणारा आजार मात्र दिसतो. राजस्थानातल्या बालाथळ इथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यावर त्याच्या खुणा सापडल्या. ते संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं. पण त्या खुणा उमटल्या, कारण तो माणूस रोग अंगावर घेऊन दीर्घकाळ जगला होता.

इथून पुढे थोडं किचकट आहे, पण माझा सगळा जीव याच मुद्द्यात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे १९६८ ते १९८३ अशी डेक्कन कॉलेजनं खोदाई केली. दोनशेहून अधिक दफनं मिळाली, त्यांतली बहुतेक लहान मुलांची. घराच्या जमिनीखाली, असेच जोडरांजण, उत्तर-दक्षिण ठेवलेले. मोठी माणसं आडवी पुरलेली, घोट्याखाली पाय तोडून. त्या तोडलेल्या पायांवर लोक तासभर बोलतात, भुताखेतांच्या गोष्टी जोडतात. मला मुलांच्या रांजणांवर बोलायचं आहे. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांच्या मांडणीनुसार इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटलं, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. या पडत्या, म्हणजे उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती, असं ग्वेन रॉबिन्स शुग यांच्या अभ्यासात दिसलं.

वाढ खुंटली हे कसं कळतं? दात पोषणाकडे फारसं न बघता आपल्या वेळेनं तयार होतात, हाडाची लांबी मात्र उपासमारीत मागे पडते. म्हणून वय दातांवरून काढायचं आणि मांडीचं हाड त्या वयाला साजेसं आहे का ते बघायचं. आमच्या शेततळ्यातल्या मुलाचा दात तीन वर्षं सांगतो. मांडीचं हाड जेमतेम दोन.

यावरून ‘त्या काळची मुलं खुरटी होती’ असं वाक्य पटकन लिहिलं जातं. मीही तरुणपणी लिहिलंय. पण माझ्यासमोर जी मुलं आहेत ती मेलेली मुलं आहेत. तीन वर्षांची होऊन मेली ती त्या पिढीतली सगळ्यांत अशक्त असणार. जी धडधाकट होती ती अंगणात खेळत राहिली, मोठी झाली, त्यांची तीन वर्षांची हाडं मला कधीच मिळणार नाहीत. जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हा पेच नीट मांडला. त्याआधी, १९८३ साली, सॅटेनस्पील आणि हार्पेंडिंग यांनी दाखवलं होतं की दफनभूमीत मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ मृत्यू वाढले असाच होतो असं नाही. जन्म वाढले, तरी तेच चित्र दिसतं. घरात पाळणे जास्त हलत असतील तर रांजणही जास्त पुरले जातील. विद्यार्थ्यांना हे पटवताना मी दमते. त्यांना तक्ता हवा असतो, तक्त्याखाली निष्कर्ष हवा असतो. एकाच दशकातल्या दोन दफनांची तुलना करता आली, तर किंवा वाचलेल्या मोठ्यांचे दात सोबत तपासता आले, तर थोडं पुढे जाता येतं. ते न करता दुष्काळाची कहाणी रचणं मला मान्य नाही, मग ती कितीही पटणारी असो.

पूर्वजांच्या प्रश्नाचंही असंच होत आलं आहे, पुरावा थोडा आणि कहाणी मोठी. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या साठहून अधिक नमुन्यांतून एकाच बाईचा डीएनए अभ्यासण्याजोगा मिळाला. २०१९ साली तो निबंध आला आणि आठवडाभरात एकाच निबंधावरून उलटसुलट मथळे छापून आले, आर्य आले आणि आर्य आलेच नाहीत. एका बाईच्या कानातल्या हाडावर एवढं ओझं! नर्मदेकाठी हथनोरा इथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना कवटीचा तुकडा मिळाला. माणसाच्या प्राचीन जातीच्या कवटीचा असा तुकडा आपल्याकडे दुर्मीळ आहे. त्याबद्दल मला कुणी कधीच विचारत नाही, कारण तो कुणाच्याच बाजूनं साक्ष देत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

पुन्हा शेततळ्याकडे येते. चाळणीत एक दात सापडला होता, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. पटाशीचा पक्का दात, अजून जबड्याच्या आतच घडत असलेला. तो सातव्या वर्षी हिरडीबाहेर आला असता. भिंगाखाली इनॅमलवर एक आडवी खाच दिसते, नखानं ओरखडल्यासारखी. पोर आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं की इनॅमल घालण्याचं काम थांबतं आणि ती जागा खोलगट राहते. धारेपासूनचं अंतर मोजलं तर हे दीड वर्षाच्या आसपास घडलं असावं. खाचेखाली इनॅमल पुन्हा सरळ, गुळगुळीत, दीड वर्षाचं. म्हणजे ते मूल त्या दुखण्यातून उठलं होतं.

शिक्षकांना फोन करून एवढंच आजींना सांगायला सांगितलं, की एकदा आजारी पडून उठलं होतं, नंतर कशानं गेलं ते हाडात नाही. पलीकडे थोडा वेळ कुजबुज झाली. मग ते म्हणाले, “मॅडम, आजी विचारतायत, पोरगा होता का पोरगी?”

या वयाच्या हाडांवरून तेही कळत नाही. इनॅमलमधल्या प्रथिनांवरून कळतं, पण त्यासाठी दाताचा पृष्ठभाग आम्लात थोडा विरघळवावा लागतो. आमच्याकडे एकच दात आहे, खाच असलेला. खाचेला धक्का न लावता मागच्या बाजूनं करता येईल का, याचा विचार चालू आहे. दात कापसात गुंडाळून डबीत ठेवलाय, अजून त्याला हात लावलेला नाही.