हौसिंग उघडण्याआधी

दीपनगर ही भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. इथून माझी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप रावेर-यावलकडच्या केळीबागांत खतं आणि ठिबकच्या नळ्या पोहोचवते. उन्हाळ्यात मागच्या दोन चाकांवर भागतं. पावसाळ्यात काळी माती टायरांना लपेटली की पुढच्या चाकांना जोर दिल्याशिवाय गाडी शेतातून निघत नाही.

एका पावसाळ्यात फोर-व्हील टाकलं की पुढून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला. पुढच्या डिफरन्शियलखाली तेलही पाझरत होतं. एका गॅरेजमध्ये आवाज ऐकताच क्राऊन-पिनियनचा अख्खा सेट बदलायला सांगितलं. खर्च मोठा, आणि तपासणी काहीच नाही. मग गाडी भुसावळच्या एका जुन्या फिटरकडे नेली. ते म्हणाले, "भाऊ, आधी ऐकू, मग खोलू."

त्यांनी पुढचे दोन्ही हब मोकळे केले आणि गाडी महामार्गावर नेली. हब मोकळे असले की चाकं फिरतात, पण शाफ्ट आणि डिफरन्शियल थांबून राहतात. आवाज बंद झाला, म्हणजे चाकांच्या बेअरिंगमध्ये दोष नव्हता. मग हब लॉक करून, फोर-व्हील टाकून मऊ मातीच्या रस्त्यावर फेरी मारली. अशा गाडीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वेगाचा फरक सांभाळणारं काही नसतं. त्यामुळे डांबरावर वळताना ती अडखळते, आणि तो बिघाड नसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी कटकट आली नाही, रबरी बूटही शाबूत होते. म्हणजे शाफ्टचे जॉइंट ठीक. आवाज मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलत होता. बोट पिनियनकडे वळलं.

घोडीवर गाडी चढवून प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवला, तर पिनियनला खेळ लागला. मग तेल काढलं. ते दुधाळ निघालं. आत पाणी गेलं होतं. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा होता, दाताचा तुकडा एकही नव्हता.

पाणी गेलं कुठून, याचं उत्तर हौसिंगच्या वरच्या ब्रीदरमध्ये होतं. चिखल आणि आमच्या भागातली बारीक राख बसून तो गच्च झाला होता. गाडी धावली की हौसिंग तापतं, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलते. तेच तापलेलं हौसिंग नाल्याच्या पाण्यात बुडालं की हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. पाणी मिसळलेल्या तेलाने पिनियनचं बेअरिंग खाल्लं होतं.

दातांना रंग लावून त्यांनी ठसा पाहिला. क्राऊन-पिनियन चांगलं होतं. बेअरिंग आणि सील बदलले, दातांमधली फट मोजून बसवली, ब्रीदर साफ केला, नवं गिअर ऑइल भरलं. आवाज गेला.

चिखलात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: पावसाळ्याआधी ब्रीदर साफ करा, खोल पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचं तेल बघा, आणि हब मोकळे करून आवाज तपासल्याशिवाय कोणालाही हौसिंग उघडू देऊ नका.