लाल दिवा लागला की आजोबांकडे बघ

माझ्या सासऱ्यांना गेली काही वर्षं अजिबात ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ वाचून ते बोलणं समजून घेतात. ते मिरजेला असतात, आम्ही लखनौच्या छावणीत. घरच्या गणपतीची आरती आम्ही त्यांना इंटरनेटवरून थेट दाखवतो.

गेल्या वर्षी लेकीने खास त्यांच्यासाठी एक पद बसवलं होतं. पंडित भातखंड्यांनी १९२६ साली संगीत महाविद्यालय काढलं ते याच लखनौत. म्हणून नातीने इथे गाणं शिकावं, ही हौस आजोबांचीच. दोन मोबाइल लावले होते, एक समोर आणि एक बाजूला. कोणता चालू आहे ते फक्त लॅपटॉपवर बसलेल्या माझ्या मुलाला कळत होतं. पोरगी समोर बघून गायली आणि मिरजेला पूर्ण वेळ तिचा कान दिसला. रात्री आजोबांचा संदेश आला, "छान झालं असणार." तो 'असणार' तिला फार लागला.

टीव्हीच्या स्टुडिओत चालू कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो, त्याला टॅली लाइट म्हणतात. मुलाने तो घरीच करायचं ठरवलं. काड्यापेटीहून जरा मोठे असे दोन 'रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू' संगणक आणले, प्रत्येक मोबाइलजवळ एक. लॅपटॉपवर ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. २०२२ मध्ये आलेल्या २८व्या आवृत्तीपासून त्यात वेबसॉकेटची सोय आतच मिळते. दृश्य बदललं की वायफायवरून निरोप जातो आणि पाय आपल्या पिनवर ३.३ व्होल्ट सोडतो. एलईडी थेट पिनला जोडायचा नाही. मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर लावला की जेमतेम ४ मिलिअँपिअर वीज जाते. लाल म्हणजे 'तू दिसतेयस', हिरवा म्हणजे 'पुढची पाळी इथली'.

तालमीच्या दिवशी वीज गेली. राउटर पुन्हा सुरू झाला आणि लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ताच बदलला. पाय पॉवर बँकवर होते, त्यामुळे एक दिवा तसाच लाल राहिला आणि लेक बंद कॅमेऱ्याकडे बघून गात बसली. खोटं सांगणाऱ्या दिव्यापेक्षा दिवा नसलेला बरा! मग मुलाने राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा ठरवून दिला. शिवाय संपर्क तुटला तर दोन्ही रंग उघडमीट करतील, अशी व्यवस्था केली. तुम्ही कराल तर ही पायरी गाळू नका.

यंदा बाजूचा दिवा लाल झाला, तशी ती अलगद तिकडे वळली. मी आरतीचं ताट धरून दिव्यांकडेच बघत होते.

रात्री संदेश आला, "दुसऱ्या कडव्यात शब्द विसरलीस. 'ला ला' करून वेळ मारून नेलीस. मी पाहिलं."

लेक तो संदेश घरभर दाखवत फिरली.