राखीव गडी

मराठीच्या प्राध्यापकाच्या हाती क्रिकेटचा संघ कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात आम्ही शिकवतो, तेथील क्रीडाशिक्षकाची जागा त्या वर्षी रिकामी होती. आंतरमहाविद्यालयीन सामने तोंडावर आलेले, आणि स्टाफरूममध्ये रोज धावसंख्येची चौकशी करणारे आम्ही एकटेच. प्राचार्यांनी एवढ्या पात्रतेवर संघ आमच्या स्वाधीन केला. ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची; पण तिच्यातील आमची चूक अजून जुनी झालेली नाही.

सामने डिसेंबरात होते. आमच्याकडे तोवर गावे अर्धी रिकामी झालेली असतात. दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. त्या वर्षी आमचा सलामीचा फलंदाजही गेला. त्याच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती आणि आईची पाठ ऐनवेळी धरली. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. जोडी मोडली तर उचल फिटत नाही. म्हणून आईच्या जागी मुलगा फडात उतरला. घरच्या संघात तो बदली म्हणून गेला आणि आमच्या संघात त्याची जागा रिकामी झाली.

त्या जागेसाठी राखीव गडी दोन होते. पहिला आमच्याच वर्गातला, मराठी ऐच्छिक घेतलेला. पवित्रा नेटका, बॅट सरळ, पाय चेंडूच्या रेषेत. दुरून पाहिले तर गेलेला फलंदाजच उभा आहे असे वाटावे. दुसरा डावखुरा, एका तांड्यावरून सायकलने येणारा. त्याची बॅट आडवी फिरे. चेंडू कोठे जाणार हे त्याचे त्यालाही ठाऊक नसावे असे वाटे. पण चेंडू जाई, हे खरे. आम्ही अर्थातच पहिल्याला निवडले.

सामने वीस षटकांचे. पहिल्या सामन्यात आमच्या 81 धावा झाल्या, दुसऱ्यात 74. दोन्ही सामने गोलंदाजांनी ओढून नेले. आमचा सलामीवीर दोन्ही वेळा बराच वेळ टिकला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कर्णधार आला आणि चाचरत म्हणाला, “सर, उद्या डावऱ्याला वर पाठवून बघू या का?” आम्ही त्याला संयम या विषयावर छोटेसे व्याख्यान दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही 59 धावांत बाद झालो. डावखुरा पॅड बांधून शेवटपर्यंत तंबूत बसून होता.

येथे पहिल्या मुलाची बाजू मांडली पाहिजे. एकदोन अपयशांवर माणूस बदलणे हा न्याय नव्हे. तसे केले तर कोणीच निर्धास्तपणे खेळणार नाही. हे आम्हाला तेव्हाही पटत होते, आजही पटते. परंतु अपयश दोन प्रकारचे असते. एक नशिबाचे: उत्तम चेंडू पडला, झेल अफलातून घेतला गेला. दुसरे पद्धतीचे. वीस षटकांच्या डावात पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. धावांची वाट तेव्हाच मोकळी असते. आमचा फलंदाज नेमकी तीच षटके अडवण्यात घालवी, आणि मग मागून येणारे घाईने बाद होत. त्यांच्या नावापुढे शून्य लागे, त्याच्या नावापुढे ‘टिकून राहिला’ हा लौकिक. दोष त्याच्या खेळातही नव्हता. आम्ही त्याला ज्या कामावर लावले, ते काम त्याचे नव्हते.

मग आम्ही त्याला का बदलले नाही? कारण राखीव गडी म्हणजे मूळ गड्याची प्रत, अशी आमची समजूत होती. दोन प्रतींपैकी जी मुळाशी अधिक जुळते ती शुद्ध! पाठचिकित्सेत ही कसोटी कदाचित चालेल, मैदानावर चालत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला हे रंगभूमीवरून तरी कळायला हवे होते. भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेले आणि किर्लोस्कर मंडळीत मोठी पोकळी पडली. 1905 साली नारायण राजहंस तेथे आले, तेच बालगंधर्व. भाऊरावांची नक्कल करण्यात ते अडकले असते, तर पुढची मराठी संगीत रंगभूमी वेगळी, बहुधा दरिद्री झाली असती.

अलीकडचे उदाहरण मेलबर्नचे. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला भारताचा डाव 36 धावांत आटोपला आणि त्यानंतर कोहली रजेवर घरी परतला. सगळ्यांना वाटले, त्याच्या जागी आणखी एक फलंदाज येणार. आला रवींद्र जडेजा. यष्टिरक्षणात सरस मानल्या जाणाऱ्या साहाऐवजी फटकेबाज पंत आला. आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात जन्मलेला अजिंक्य रहाणे कर्णधार होता. त्याने 112 धावा केल्या, जडेजाबरोबर 121 धावांची भागीदारी रचली आणि सामना आठ गडी राखून जिंकला. कोहलीची प्रत कोणी शोधली नाही, हे आमच्या दृष्टीने त्या निवडीचे मर्म.

6 फेब्रुवारी 2024 च्या संध्याकाळी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. लक्ष्य 245 धावांचे आणि भारताचे 32 धावांत चार गडी बाद. सहाव्या क्रमांकावर बीडचा सचिन धस आला. समोर कर्णधार उदय सहारन सावध खेळत होता; त्याने 124 चेंडूंत 81 धावा केल्या. सचिनने 95 चेंडूंत 96. एकाने धीर धरला, दुसऱ्याने वाट मोकळी केली. दोघांची भागीदारी 171 धावांची झाली आणि भारत दोन गडी राखून जिंकला. पुढे अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला, ते वेगळे. त्या रात्री चौकात फटाके वाजत होते. आम्ही मात्र खिडकीशी उभे राहून तंबूत पॅड बांधून बसलेल्या एका मुलाचा विचार करत होतो. तो काही सचिन धस झाला नसता, हे उघड आहे. प्रश्न तो नव्हताच. त्या दिवशी सहा षटके त्याला मिळायला हवी होती, एवढेच.

पुढल्या वर्षी सलामीचा फलंदाज परत आला. डावखुरा आला नाही. पाडव्यानंतर हजेरीपट तपासताना त्याचे नाव दिसले. दिवाळीपासून पुढे ओळीने फुल्या होत्या, आमच्याच हाताने मारलेल्या. शेजारच्या बाकावरच्या मुलाला विचारले. तो म्हणाला, “सर, तो तोडीला गेला. भावाच्या बदल्यात.”

असो. संघ आता आमच्याकडे नाही. परंतु वक्तृत्वासाठी, एकांकिकेसाठी अजूनही मुले निवडावी लागतात, आणि राखीव म्हणून दोन नावे लिहावी लागतात. त्यांतले दुसरे नाव आम्ही अलीकडे आधी वाचतो.